बाकाची पावसाळी खोळ

आमच्या गुहागरच्या घरी खळ्यात, म्हणजे पुढच्या अंगणात, एक सागवानी बाक आहे. जुने घर मोडताना निघालेल्या तुळया आणि वासे यांतून गावातल्या सुताराने तो करून दिला. त्याची पाठ सरळ उभी आहे, दोन्ही बाजूंना हात टेकायला रुंद फळ्या आहेत आणि लांबी १५२ सेंटिमीटर भरते. दिवाळीपासून मेअखेरपर्यंत घरातले निम्मे व्यवहार या बाकावर चालतात. आमसुले वाळत घातली की राखणीला माणूस तिथेच बसतो, फणस तिथेच फोडला जातो आणि संध्याकाळी आलागेलाही तिथेच टेकतो. मात्र तो उचलायला चार माणसे लागतात आणि पडवीत तो मावत नाही. त्यामुळे आगोटीची, म्हणजे पावसाळ्याआधीच्या तयारीची, कामे सुरू झाली, लाकूडफाटा आत गेला, मसाले-पापड डब्यांत गेले, की शेवटी बाकाचे काय करायचे हा प्रश्न दरवर्षी उरतो.

पहिली काही वर्षे त्याच्यावर निळे प्लास्टिक टाकून विटा ठेवल्या. मग मी तयार मिळणारी एक खोळ मागवली. आतून चंदेरी, बाहेरून करडी, खाली इलॅस्टिक, आणि पाण्याचा थेंबही आत जाणार नाही अशी हमी. पहिला पावसाळा बरा गेला. दुसऱ्या वर्षी श्रावणात चार दिवस ऊन पडले म्हणून खोळ काढली, तर आतून दमट कोठीसारखा वास आला आणि पाठीच्या पट्ट्यांवर पांढरी बुरशी पसरलेली दिसली. जिथे जिथे लोखंडी स्क्रू होते, तिथून शाई ओघळल्यासारखे काळे डाग खाली उतरले होते. सागात टॅनिन असते. ओलीमध्ये लोखंडाशी त्याचा संयोग झाला की असा काळा रंग उमटतो, आणि तो वरवर पुसून जात नाही. खोळीतून पाणी आत आले नव्हते हे मी शपथेवर सांगेन. आत होते तेच बाहेर पडले नव्हते. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत आमच्या जिल्ह्यात तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि जुलैत हवाच इतकी ओली असते की मीठ बरणीतल्या बरणीत पाझरते. त्या हवेत लाकूड ओल पिते, जमिनीतून वाफ वर येते, आणि इलॅस्टिकने गळा आवळलेल्या खोळीच्या आतल्या बाजूला तिचे थेंब साचून ते पुन्हा बाकावरच पडतात.

सासूबाईंनी बाकाकडे पाहिले आणि एवढेच म्हणाल्या, "अगो, झडीला कधी बुरशी धरलेली पाहिलीस का?"

ज्यांनी झड पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगते. पूर्वी पावसाळ्याआधी पडवीच्या वाऱ्याकडच्या अंगाला माडाच्या विणलेल्या झावळ्यांचा आडोसा बांधत. त्याला भोके असंख्य असत. तरी पाणी आत येत नसे, कारण प्रत्येक झाप खालच्या झापावर चढवलेले असे आणि थेंब पातीवरून पातीवर घसरत जमिनीला लागे. वारा मात्र खेळता राही. छपरावरच्या कौलांचीही रीत हीच. माझी विकतची खोळ ही झडीच्या उलट बुद्धीने केलेली होती, हे त्या एका वाक्याने माझ्या लक्षात आले. नवी खोळ आपणच शिवायची, असे मी त्याच दिवशी ठरवले. प्रत्यक्ष शिवायला बसायला मात्र पुढचा एप्रिल उजाडला.

कापडासाठी चिपळूणला गेले. ट्रकवर घालतात ती पीव्हीसीचा थर असलेली ताडपत्री मजबूत असते. पण ती जड, घरच्या मशीनला न झेपणारी आणि मुळीच श्वास न घेणारी. सुती कॅनव्हासचा मला मोह झाला होता, कारण त्याचे सूत भिजले की फुगते आणि विणीतल्या फटी आपोआप मिटतात. पण सुती कापड आटते, आणि आपल्याकडे सलग आठ दिवस ओले राहिले की त्यावर काळे ठिपके पडतात. बाहेरच्या सामानासाठी सर्वांत उत्तम म्हणतात ते सुतापासूनच रंगवलेले ॲक्रिलिक कापड; ते त्या दुकानात नव्हते. शेवटी बॅगा शिवणारे वापरतात ते ६०० डेनियरचे पॉलिएस्टर घेतले. ९,००० मीटर धाग्याचे वजन जितके ग्रॅम भरते तितके त्याचे डेनियर, म्हणजे हा धागा बराच जाड. आतल्या बाजूला पॉलियुरेथेनचा पातळ थर असतो. तो थर दमट हवेत काही वर्षांनी चिकट होऊन सुटू लागतो, हे मला ठाऊक आहे; ही खोळ नातवंडांना वारसा म्हणून द्यायची नसल्यामुळे ते मी चालवून घेतले. रंग मुद्दाम फिका, मातकट घेतला. गडद खोळीखाली ऑक्टोबरच्या उन्हात लाकूड विनाकारण तापते.

त्याच रस्त्यावर रिक्षांचे हूड शिवणारे एक चाचा बसतात. कापड दाखवून दोरा कोणता घेऊ असे विचारले, तेव्हा त्यांनी कापडाला हातही न लावता सांगितले, "ताई, पाणी कापडातून येत नाही. टाक्यातून येतं." सुती दोरा तर घेऊच नका, ओलीने कुजतो, नायलॉनचा दोरा ओढून पाहिला तर भक्कम वाटतो, पण उन्हात लवकर जीव सोडतो, म्हणून जाड पॉलिएस्टर दोरा घ्या आणि बॉबिनमध्येही तोच भरा, असे त्यांचे म्हणणे पडले. सुई १८ नंबरची. टाका मोठा, इंचाला सहा, फार तर सात. बारीक टाका म्हणजे पक्की शिवण हा माझा समज ब्लाउज शिवण्यातून आलेला होता. इथे बारीक टाका म्हणजे जास्त भोके, आणि तिकिटाला फाडण्यासाठी भोके पाडलेली असतात तशी रेघ. घरी येऊन हिशेब केला. १५६ सेंटिमीटरच्या एका शिवणीवर चार मिलिमीटरचा टाका घेतला तरी एका टिपेत ३९० भोके पडतात, आणि दोन टिपा म्हणजे ७८०.

माप घेण्याआधी सांगाडा बांधला. याबाबतीत मी आग्रही आहे, कारण खोळीचे पाणी साचते ते कापडाला झोळ पडला म्हणून. बाकाची पाठ उंच आणि हात ठेंगणे, त्यामुळे मागून पुढे उतार आयता मिळतो. पण दोन हातांच्या मधे पुढच्या बाजूला कापडाला आधार नसतो, तिथे पहिल्याच सरीत परडीभर पाणी साठते. म्हणून दोन्ही हातांवर पुढे एक बांबूची काठी आडवी टाकली, पाठीच्या माथ्यापासून तिच्यावर तीन कामट्या उतरवल्या आणि सगळे सुंभाने आवळले. काथ्याची दोरी भिजली तरी सैल पडत नाही आणि लाकडावर गंजही सोडत नाही. कामट्यांची टोके कानशीने घासून गोल केली, नाहीतर कापड तिथेच फाटले असते. यामुळे खोळ लाकडाला कुठेच टेकत नाही, हा फायदा निराळाच.

या सांगाड्यासह पाठीची उंची ९० सेंटिमीटर, पुढची ६४ आणि खोली ६२ भरली. लांबी व खोली दोन्हींत चार-चार सेंटिमीटर सैल धरले. उंचीतून आठ वजा केले, कारण खोळ जमिनीला टेकली की लाल मातीचे शिंतोडे आणि ओल दोन्ही वर चढतात. शिवाय हवा आत शिरायला जागा तिथूनच मिळते. राहता राहिला उतार. आडवे ६६, उभे २६, तर तिरके किती, हे शाळेत शिकलेल्या पायथागोरसच्या प्रमेयाने काढले तेव्हा उत्तर ७१ आले, आणि कॉलेजात जाणाऱ्या मुलाने टेप लावून ते बरोबर असल्याची खात्री केली. आईच्या गणितावर त्याचा विश्वास नसतो.

आता कापडाचा पन्हा १५० सेंटिमीटर, आणि पुढचा भाग, उतार व पाठ मिळून उंची २०९. म्हणजे कुठेतरी जोड येणारच. पहिल्या विचारात हा जोड पाठीच्या माथ्यावर सरळ दिसत होता, कारण तिथे घडी असतेच. पण माथ्यावरची शिवण म्हणजे पाण्याला दिलेले आमंत्रण. म्हणून वरचा तुकडा असा बेतला की खालची दुमड ४, पुढचा भाग ५६, उतार ७१, आणि माथा ओलांडून पाठीवर आणखी १६ सेंटिमीटर खाली उतरल्यावर जोडासाठी अडीचची माया, म्हणजे शिवणीत जाणारे जादा कापड; एकूण १४९.५ सेंटिमीटर, म्हणजे पन्ह्यात अर्धा सेंटिमीटर उरतो. पाठीचा खालचा तुकडा या वरच्या तुकड्याच्या आत जातो, जसे वरचे कौल खालच्यावर चढते. शिवण वाऱ्याच्या विरुद्ध बाजूला, उभ्या भागावर आणि झाकलेली. बेतण्यातल्या या एका निर्णयावर मी अजून खूश आहे.

पुढच्याच कापणीत ती खुशी उतरली. दोन्ही बाजूंचे तुकडे चौकोनीच, पण एक बाजू उंच आणि दुसरी ठेंगणी. माया धरून मागची उभी कड ८८, पुढची ६२, रुंदी ७०. एक सुलटा आणि एक उलटा ठेवला की तिरकी कड दोघांना सामाईक होते आणि १५० सेंटिमीटरमध्ये दोन्ही बसतात, हे पाहून मी काटकसरीच्या आनंदात कात्री चालवली. मग तुकडे बाकाला लावून पाहते तो दोन्ही डाव्या बाजूचेच. एका अंगाला थर असलेल्या कापडात डावा-उजवा तुकडा आरशातल्या प्रतिमेसारखा कापावा लागतो. नुसता फिरवून ठेवला की तो तोच राहतो. झंपराच्या बाह्या कापताना हे हाताला इतके सवयीचे असते की डोक्याने विचार करायची पाळी येत नाही, आणि नेमके म्हणूनच इथे फसले. साडेतीन मीटर कापड आणले होते. नीट बेतले असते तर त्यात दोन्ही तुकडे स्वतंत्र बसले असते. आता उरलेल्या तीस सेंटिमीटरच्या पट्टीतून काही होण्यासारखे नव्हते. शेवटी एक तुकडा उलटाच, थर बाहेर ठेवून, घराच्या भिंतीकडच्या बाजूला लावला. तिथे पाऊस लागत नाही आणि पाहुण्यांची नजरही जात नाही.

शिवताना टाचण्या वापरल्या नाहीत, कारण या कापडाला पडलेले भोक पुन्हा मिटत नाही. दोरीवर कपडे वाळत घालायचे चिमटे लावले. कापलेल्या कडांचे सूत निघते, म्हणून उदबत्तीच्या निखाऱ्यावरून कड हळूच फिरवली. पॉलिएस्टर वितळून कड बंद होते, मात्र हात थांबला की भोक पडते आणि घरभर जळका वास सुटतो. मशीन आईची, काळी, पायाने चालवायची. थराची बाजू वर आली की ती दाबपायाला चिकटते आणि टाके एकावर एक पडतात. वर पतंगाचा कागद ठेवून शिवले आणि नंतर तो फाडून टाकला. जोड आणि बाजू दोन्हींना जीन्सच्या पायाला असते तशी दुहेरी शिवण घातली. आधी साधी टीप मारायची, मग एका बाजूची माया अर्ध्यावर कापायची, दुसरी तिच्यावर दुमडून तिला पोटात घ्यायची आणि सपाट दाबून दुसरी टीप मारायची. दुमडीचे तोंड नेहमी खाली. ते वर राहिले तर तीच पन्हळ होते.

कोपऱ्यांवर सहा-सात पदर येतात. तिथे पाय थांबवून, चाक हाताने फिरवत, एकेक टाका घेतला. त्याआधी तो भाग पाट्यावर ठेवून बत्त्याने ठोकून चपटा केला. दोन सुया तरीही मोडल्या. पाठीच्या दोन्ही माथ्यांच्या कोपऱ्यांना त्या तीस सेंटिमीटरच्या पट्टीतून आतून ठिगळे लावली, कारण वाऱ्याने कापड हलते तेव्हा सगळी झीज तिथे होते.

मग त्या शेकडो भोकांचे काम. सुरुवातीला मेणबत्ती घासली. पॅराफिनचे मेण वाळल्यावर ठिसूळ होते आणि घडी घातली की पापुद्र्यासारखे निघते, हे लगेच दिसले. शेजारच्या वाडीतून मधमाश्यांचे मेण आणले. ते हाताच्या उबेनेच मऊ होते. प्रत्येक शिवणीवर दोन्ही बाजूंनी घासले, आणि कढत पाण्याने भरलेला स्टीलचा पेला वरून फिरवला, म्हणजे ते टाक्यात मुरते. इस्त्री लावायची नाही, थर वितळतो. या कामाला एक अख्खी दुपार गेली. शिवणकामातला हा सर्वांत कंटाळवाणा आणि, चाचांचे शब्द आठवले तर, सर्वांत मोलाचा भाग.

हवेसाठी भिंतीकडच्या त्या उलट्या तुकड्यातच, माथ्याच्या खाली, वीतभर लांब आणि चार बोटे उंच अशी खिडकी कापून तिला डासांच्या जाळीचा तुकडा लावला आणि वरून छपराच्या पाख्यासारखी एक झडप सोडली. दमट, उबदार हवा वर चढते ती तिथून निघते आणि खालच्या आठ सेंटिमीटरमधून नवी आत येते. चुकीच्या तुकड्याला मोठे भोक पाडायला हातही धजावला, हे कबूल केले पाहिजे.

बांधायला इलॅस्टिक घेतले नाही. ते आमच्याकडे दोन वर्षांत सुटते. चारही पायांशी रुंद नाड्या शिवल्या आणि मध्ये नाडी ओवायला पितळी डोळे, म्हणजे गोल कड्या, ठोकले. लोखंडी डोळे खाऱ्या वाऱ्यात एका पावसात गंजतात आणि भोवतीचे कापड खातात. नाड्यांच्या बाबतीत कंजुषी नको, कारण उघड्यावरची सैल खोळ म्हणजे शीडच. ३ जून २०२० रोजी निसर्ग वादळ आले तेव्हा आणि पुढच्या वर्षी मे महिन्यात तौक्ते किनाऱ्याजवळून गेले तेव्हा आमच्या भागात माड कसे पिळवटले गेले ते ज्यांनी पाहिले आहे, त्यांना हे वेगळे सांगायला नको. तसल्या वाऱ्याची सूचना मिळाली तर खोळ काढून घडी करून आत न्यायची. बाक भिजला तर वाळेल.

मृगाच्या चार दिवस आधी परीक्षा घेतली. बाकावर वर्तमानपत्रे पसरली, सांगाड्यावर खोळ चढवली आणि मुलाने रहाटाजवळून नळी आणून पंधरा मिनिटे पाणी मारले. आधी वरून, मग पश्चिमेकडून आडवे, कारण आपला पाऊस सरळ क्वचितच पडतो. खोळ काढली तेव्हा कागद कोरडे होते. डाव्या कोपऱ्यात रुपयाएवढा एकच ओला ठिपका होता. तिथे सुई मोडल्यावर मी पुन्हा वरून टीप मारली होती आणि जुनी भोके तशीच राहिली होती. तिथे मेण चोळले. त्याच आठवड्यात सुताराकडून बाकाचे सगळे लोखंडी स्क्रू काढून पितळी घालून घेतले.

या वर्षी श्रावणातल्या पहिल्या उघडिपीला खोळ काढली. बाकाच्या पायांना खालून वीतभर ओल चढलेली होती, ती दरवर्षीच असते; त्यावर उपाय म्हणून पुढच्या वेळी पायांखाली जांभ्याचे चिरे ठेवण्याचा विचार आहे. पाठ आणि बसायची फळी हाताला गार लागली, पण बुरशी कुठे नव्हती, आणि जुन्या काळ्या डागांच्या शेजारी नवा एकही डाग पडला नव्हता. पितळी डोळ्यांभोवती कापडावर हिरवट कडे उमटले आहे. जाळीच्या खिडकीत कुंभारमाशीने मातीची दोन घरटी बांधून निम्मी वाट बंद केली होती. सासूबाईंनी खोळ उलटीसुलटी करून पाहिली, उलट्या तुकड्यावर बोट ठेवले आणि विचारले, "हे असंच ठेवायचं होतं का?" मी हो म्हटले.